कोरडं धोतर

परतूरच्या स्टेशनाबाहेर रखमाजीचा टांगा दिसला नाही, तर गाडीतून उतरलेली माणसं विचारायची, "आज रखमाजी न्हाई का?" टांगे आणखीही होते, पण रखमाजी गप्पिष्ट. आष्टीपर्यंतचा रस्ता त्याच्या बोलण्यात कधी सरायचा ते कळत नसे. कुणाच्या रानात कापूस कसा फुटलाय, कोणत्या गावचा पाटील कुणाशी बोलत नाही, कुणाची म्हैस किती दूध देते, सगळं त्याच्या जिभेवर. आणि त्याची घोडी हौसा. तांबूस रंगाची, कपाळावर पांढरा ठिपका, चाबूक काय असतो ते माहीत नसलेली. "माझ्यापरीस त्या घोडीशी जास्त बोलतेत," असं त्याची बायको झुंबरबाई शेजारणींना हसत सांगायची.

त्रेपन्न सालच्या दिवाळीनंतर, कापसाचा हंगाम ऐन भरात असताना, आष्टीच्या रस्त्याला ओढ्याच्या उतारावर टांग्याचा आस मोडला. मागं बसलेला व्यापारी गवतावर पडला आणि धूळ झटकून उठला. रखमाजी उताणा दगडांवर आदळला. दुखणं त्याला पुष्कळ उशिरा जाणवलं. आधी कळलं ते एवढंच, की कमरेखाली आपण नाहीच. त्यानं मान वळवून बघितलं. पाय होते, पण ते दुसऱ्याच कुणाचे तरी तिथं ठेवल्यासारखे पडले होते.

दाराच्या फळीवर घालून, मालडब्यातून त्याला जालन्याला नेलं. तिथल्या डॉक्टरांनी सांगितलं, कण्याचं हाड चेपलंय, आतली मज्जेची दोरी दबली आहे, पण सगळी तुटलेली नाही. ते 'सगळी तुटलेली नाही' तेवढं झुंबरबाईनं पदराला गाठ मारून ठेवलं. तीन महिने तो फळीवर पडून होता. आधी उजव्या पायाचा अंगठा हलला. मग गुडघा वाकू लागला. होळीच्या सुमाराला तो काठी घेऊन दोन खाटांमधलं अंतर चालला. डावा पाय ओढत होता, तळव्याला जमीन नीट कळत नव्हती, पण माणूस उभा होता. घरी आला तेव्हा पोरं बिलगली, शेजारणींनी भाकरतुकडा ओवाळून टाकला. स्टेशनावरचे टांगेवाले गळ्यात पडले. "वाचलास रे बाबा," जो तो म्हणत होता.

वाचला होता खरा. पण एक गोष्ट झुंबरबाईशिवाय कुणाला माहीत नव्हती. दवाखान्यातली नळी काढल्यापासून रखमाजीला लघवी धरवत नव्हती. खाटेवरून उठताना, शिंक आली की, काठी टेकून उंबरा ओलांडताना गळायची. कधी उभ्या उभ्या धोतर भिजायचं आणि ओल गार पडल्यावरच त्याला कळायचं. धोतराच्या आत तो फडक्याची जाड घडी ठेवायचा. झुंबरबाई ती फडकी वेगळी धुवायची, परसात कुडाच्या मागं वाळत घालायची. कुणी विचारलंच तर "भांडी पुसायची हायेत" म्हणून सांगायची.

त्यानं माणसांत बसणं सोडलं. कुणी भेटायला आलं की अंग दुखतंय म्हणून पडून राहायचा. मग एक दिवस त्यानं आपली खाट घोडीच्या पागेत नेऊन टाकली. सांगताना सांगितलं, हौसाजवळ करमतं. ते खोटं नव्हतं. पण खरं कारण निराळं होतं. पागेत घोडीच्या मुताचा वास कायमचा भरलेला असे. त्यात आणखी एक वास मिसळला तर आल्यागेल्याला ओळखू येणार नाही, हे त्यानं पडल्या पडल्या ताडलं होतं.

टांगा त्याचा धाकटा भाऊ कचरू हाकायचा. कचरू रोज सकाळी घोडीला जुंपताना म्हणायचा, "दादा, नुस्तं शेजारी बसून चाल. लगाम म्या धरतो. गिऱ्हाईक तुझ्या बोलण्याला येतंय, माझ्या थोबाडाला न्हाई."

"बघू," रखमाजी म्हणायचा. ते 'बघू' वर्षभर चाललं.

पंचावन्नच्या उन्हाळ्यात झुंबरबाईची बहीण चतुराबाई जालन्याच्या दवाखान्यात बाळंत झाली. झुंबरबाई तिच्यापाशी आठ दिवस राहून आली. आली ती डोक्यावरचं गाठोडं घरात टाकून सरळ पागेत आली आणि खाटेच्या पायथ्याशी बसली.

"म्या एक विचारून आले," ती म्हणाली.

"काय?"

"तिथं बायकांकडं एक डाक्टरीण हाय. रजनीबाई. रोज सकाळी बाळंतिणींना शिकविते. खालचं अंग आतून आवळा, धरा, सोडा. बाळंतपणात ते ढिलं पडतं, मंग लघवी धरवत न्हाई. त्याच्यासाठी."

"मंग? मी बाळंत झालो का?"

"म्या तिला विचारलं, पुरुषालाबी असतं का हे अंग."

रखमाजी कोपरावर उठला. "माझं सांगितलंस तिला?"

"सांगितलं."

"झुंबर!"

"सांगितलं म्हणते ना. वर्ष झालं घोडीशेजारी झोपून राह्यले तुमी. आणखी कुणाला सांगू?" तिचा आवाज चढला आणि लगेच खाली आला. "ती हसली बिलकुल न्हाई. म्हणली, असतं, सगळ्यांला असतं. मंग म्हणली, शौचाला लागल्यालं कळतं का त्यांना? म्या म्हणलं, कळतं. तर म्हणली, घेऊन या."

दोन दिवस रखमाजी तिच्याशी बोलला नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी कचरूनं टांगा दाराशी लावला, झुंबरबाईनं फडक्यांच्या चार घड्या आणि एक जादा धोतर पिशवीत भरलं, आणि तो चढला. गाडीत बसायला जागा होती, तरी जालन्यापर्यंत तो दाराशी उभाच राहिला.

डॉक्टरीणबाई चाळिशीच्या, चष्मा लावणाऱ्या, घाई नसल्यासारख्या बोलणाऱ्या होत्या. सोबत भुजंग नावाचा मिशाळ कंपाउंडर होता. झुंबरबाईला बाहेर बसवून बाईंनी रखमाजीला कुशीवर झोपवलं.

"लाज वाटेल," त्या म्हणाल्या, "वाटू द्या. पाच मिनिटांचं काम आहे. मी सांगेन तसं फक्त करायचं."

टाचणी टोचून कुठं कळतं, कुठं नाही ते त्यांनी बघितलं. त्याला लघवी करून यायला लावली आणि मग बारीक नळी घालून आत किती उरलीय तेही तपासलं. फार उरत नव्हती. मग हातमोजा घालून त्यांनी शौचाच्या जागेतून बोटानं चाचपलं. रखमाजीनं भिंतीकडं तोंड करून डोळे मिटून घेतले.

"आता चार माणसांत वारा सरतोय आणि तो अडवायचाय, असं समजून आवळा."

त्यानं सगळी ताकद लावली. कानशिलं तापली.

"पोट नका आवळू. ढुंगणही नाही. श्वास कोंडू नका. पुन्हा."

पुन्हा केलं. आणि पुन्हा. चौथ्या खेपेला बाईंनी मान वर केली. मग म्हणाल्या, "हललं."

"काय हललं?"

"तुमचा स्नायू. फार थोडा. मनगटावर नाडी लागते ना बोटाला, तेवढाच. पण तुम्ही सांगितलंत आणि तो हलला."

रखमाजीला यात खूश होण्यासारखं काय आहे ते कळेना. पण भुजंग कंपाउंडर मिशीतल्या मिशीत हसला, आणि झुंबरबाईला आत बोलावून बाईंनी ते पुन्हा सांगितलं, तेव्हा तिनं पदर डोळ्यांना लावला.

मग बाईंनी दोघांना समोर बसवून नीट समजावलं. ओटीत, खालच्या हाडांच्या मध्ये, पुढून मागंपर्यंत मांसाची एक झोळी ताणलेली असते. लघवीची पिशवी तिच्यावर बसलेली असते. झोळी ढिली पडली की तोंड धरून ठेवता येत नाही. रखमाजीच्या झोळीकडं जाणारा निरोप कण्यात चेपला गेला होता. थोडा अजून पोचत होता.

"दोरी पार तुटलेली असती तर याचा उपयोग झाला नसता, आणि मी सांगितलंही नसतं," बाई म्हणाल्या. "तुमचं थोडं शाबूत आहे, ते वाढवून बघायचं. वचन देत नाही हं मी. आजवर हे मी बायकांनाच शिकवलंय. कण्याला मार लागलेल्या माणसाला पहिल्यांदाच सांगतेय."

"करायचं कसं पण?" झुंबरबाईनं विचारलं.

"पडून, गुडघे दुमडून. आवळायचं, आत आणि वर ओढल्यासारखं. तीन मोजायचे, सोडायचं. सोडल्यावर पूर्ण ढिलं होऊ द्यायचं, सहा मोजेपर्यंत. असं दहा वेळा, दिवसातून तीनदा, निदान तीन महिने. जमलं की तिनाचे पाच, पाचाचे दहा. मग बसून. मग उभं राहून. लघवी करता करता मध्येच अडवून बघायची नाही, आत तुंबेल. आणि लागो न लागो, दर दोन तासांनी जाऊन यायचं. घड्याळ आहे का घरी?"

"घड्याळ न्हाई," रखमाजी म्हणाला, "पण गाड्या हायेत. मधल्या टायमाला शाळेची घंटा."

त्या दिवसातलं ते त्याचं पहिलं धड बोलणं होतं. बाई मोकळ्या हसल्या. निघताना त्यांनी बजावलं, ताप आला, लघवी अडली किंवा पाय ताठू लागले तर वाट बघत बसू नका, गाडी धरा.

घरी आल्यावर खरी अडचण निघाली. बाईंच्या बोटाला जे लागलं होतं ते रखमाजीला स्वतःला सापडेना. गुडघे दुमडून तो पडायचा, दात आवळायचा, पोट आवळायचं, मांड्या आवळायच्या, श्वास कोंडला जायचा. जे आवळायला हवं ते सोडून बाकी सगळं आवळायचं. झुंबरबाई शेजारी बसून सांगायला जायची आणि तिचेच शब्द अडायचे.

"अवो, आतून. वर घ्यायचं."

"काय वर घ्यायचं?"

"ते... म्हंजे ते. आता कसं सांगू बाई!"

दहा-बारा दिवस असे गेले. मग एका सकाळी, कवाडातून ऊन आत आलेलं असताना, रखमाजी खाटेवर कुशीवर पडून हौसाकडं बघत होता. घोडीनं शेपूट उचललं आणि लीद टाकली. टाकून झाल्यावर तिची ती जागा आत ओढली गेली, सैल पडली, पुन्हा आत ओढली गेली, पुन्हा सैल पडली. असं तीन-चारदा झालं, आणि मग शेपूट सावकाश खाली आलं. जन्मभर घोड्यांत गेलेला माणूस तो. हजारदा बघितलं असेल हे. त्या सकाळी पहिल्यांदा दिसलं.

पोट हललं नव्हतं घोडीचं. मांड्या हलल्या नव्हत्या. ती आपली कडबा चघळत होती.

रखमाजी उताणा झाला. गुडघे दुमडले. पोटावर हात ठेवला, ते मऊ राहू दिलं, आणि श्वास चालू ठेवून, घोडीनं केलं तसं, अगदी हलकेच, तेवढीच जागा आत ओढून बघितली. आत कुठंतरी खूप खोल, पातळ कापडाची सुरकुती ओढावी तसं काहीतरी वर गेलं. सोडलं तशी सुरकुती गेली.

"झुंबर!" तो ओरडला. "अगं जल्दी ये!"

ती पिठाचे हात तसेच घेऊन धावत आली. "काय झालं? पडलात का?"

"सापडलं! हौसानं दावलं!"

त्यानं सगळं सांगितलं तेव्हा झुंबरबाई कवाडाला टेकून इतकी हसली, की तिच्या कपाळाला पीठ लागलं. मग ती घोडीजवळ गेली आणि कौतुकानं तिच्या मानेवरून पिठाचाच हात फिरवला.

त्या दिवसापासून नेम सुरू झाला. सकाळची गाडी गेली की दहा वेळा, दुपारच्या जेवणाआधी दहा वेळा, दिवेलागणीला दहा वेळा. तीन मोजून धरायचं, सहा मोजून सोडायचं. मोजता मोजता पाचवर गेला. गाड्यांच्या आणि घंटेच्या ठोक्याला काठी टेकत परसात जाऊन यायचा. पण फडकी भिजायची ती भिजतच होती. जून गेला, जुलै गेला. उठताना गळायचं, शिंकेला गळायचं.

श्रावणात मार्तंडराव त्याला बघायला आले. मार्तंडराव शाळेतले मास्तर, रखमाजीच्या टांग्यातले जुने गिऱ्हाईक. त्यांना पागेत कसं बसवणार, म्हणून झुंबरबाईनं ओसरीवर सतरंजी टाकली. रखमाजी तासभर बसला, जरा रंगलाही. मास्तर निघाले तसा त्यांना पोचवायला काठी टेकून उठला, आणि उठताना गेलं. सतरंजीवर ओला डाग पडला. मास्तर भला माणूस. त्यांनी नजर वर कौलांकडं नेली आणि पावसाबद्दल काहीतरी बोलत चपला घातल्या.

ते गेल्यावर रखमाजीनं काठी अंगणात भिरकावली.

"बास झालं. आजपासून बंद. आवळा अन् सोडा, आवळा अन् सोडा! दोन महिने येड्यागत करून राह्यलो. काय झालं? लोकांसमोर मुतलो."

"तीन महिने म्हणल्या व्हत्या बाई."

"बाईला काय जातंय म्हणायला? अन् तुला काय जातंय? तुला काय कळणार, चारचौघांत धोतर भिजल्यावर माणसाचं काय व्हतं ते?"

झुंबरबाई सतरंजी गोळा करत होती. ती तशीच, हातात सतरंजी घेऊन खाली बसली.

"मला कळतंय," ती म्हणाली.

"काय कळतंय?"

"धाकटीच्या बाळंतपणापासून मलाबी धरवत न्हाई. सात वर्षं झाली. पाण्याचा हंडा उचलला की जातंय. खोकला आला की जातंय." ती त्याच्याकडं न बघता बोलत होती. "देवळात कीर्तनाला म्या मागं दाराशी का बसते? तुमी म्हणायचे, पुढं ये, बराबर ऐकू येईल. कशी येणार पुढं? उठून जल्दी बाहेर पडायला नको?"

रखमाजी भिंतीला टेकला. अंगणात पडलेल्या काठीकडं तो बघत राहिला.

"कुडाच्या मागं ती फडकी वाळत असत्यात ना," झुंबरबाई म्हणाली, "त्यात माझीबी असत्यात."

वर्षभर तो ती फडकी बघत आला होता. ओळीनं वाळणारी प्रत्येक घडी त्याला आपल्याच नावाची वाटायची. त्यातली निम्मी ज्या बाईची होती, ती त्याची धुऊन, वाळवून, घडी करून, काही न बोलता उशाशी आणून ठेवत होती.

"सात वर्षं," तो म्हणाला. "मला एका शब्दानं बोलली न्हाईस?"

"तुमी कुठं बोलला? म्या फडकी धुतली म्हणून मला कळलं." मग ती म्हणाली, "त्या बाईनं वॉर्डात शिकविलं तव्हा म्या आधी माझ्यासाठी ऐकलं. मंग तुमची याद आली."

रखमाजी भिंतीचा आधार घेत, डावा पाय ओढत तिच्यापाशी आला आणि तिच्या शेजारी खाली बसला. तिच्या खांद्यावर हात ठेवला. दिवसाढवळ्या, ओसरीवर, रस्त्यावरून माणसं जात असताना असं त्यानं लग्नाला अठरा वर्षं होऊन कधी केलं नव्हतं.

"तू करून राह्यलीस का ते, आवळायचं?"

"कुठं सवड हाय? तुमचंच मोजत बसते."

"मंग उद्यापासून दोघं मिळून करू. मोजायचं म्या."

तसंच झालं. झुंबरबाई खाटेच्या पायथ्याशी लसूण सोलत किंवा तांदूळ निवडत बसायची, रखमाजी मोठ्यानं मोजायचा. "एक... दोन... तीन... पोट ढिलं ठेव गं. चार... पाच. सोड." बाहेरून जाणाऱ्याला वाटावं, काहीतरी मापून घेतायत. सहावर गेले, सातवर गेले. पडून जमलं तसं बसून करू लागले. एकानं कंटाळा केला की दुसरं टोचायचं. पूर्वी ज्या गोष्टीसाठी दोघं एकमेकांपासून तोंड लपवत होते, तिच्याबद्दल आता सकाळी उठल्या उठल्या विचारपूस व्हायची.

"किती फडकी झाली?"

"एक. तुमची?"

"दोन. पण दुसरं निम्मंच."

नवरात्राच्या आधी एके दिवशी झुंबरबाईनं ठेच्यासाठी मिरच्या तव्यावर टाकल्या. वारा पडलेला. तिखट धूर उठला तो घरभर कोंडला. चुलीपाशी तिला ठसका लागला, ओसरीवर त्याला लागला. दोघंही खोकून खोकून बेजार झाले, डोळ्यांतून पाणी, नाकातून पाणी. कसाबसा खोकला थांबला तेव्हा झुंबरबाई स्वयंपाकघराच्या दारात आली. रखमाजी तिच्याकडं बघत होता. ती त्याच्याकडं बघत होती. त्यानं हळूच धोतराला हात लावला.

"न्हाई," तो म्हणाला.

"माझंबी न्हाई," ती म्हणाली.

आणि दोघं ओसरीवर बसून हसू लागले. हसताना पुन्हा ठसका लागला, तरीही न्हाई. कचरू टांगा सोडून आत आला, तर घरात धूर, तव्यावर मिरच्या कोळसा झालेल्या, आणि दादा-वहिनी डोळे पुसत हसतायत. "याड लागलं का?" तो म्हणाला.

सगळं एका दिवसात बदललं नाही. फडकं अजून लागत होतं, पण दिवसाला एक. दमलेल्या दिवशी जायचं, थंडी वाजली की जायचं. काही दिवस तर पुन्हा मागं गेल्यासारखे. पण आता रखमाजीला कळत होतं, की हे आपल्या हातात थोडं आहे. उठण्याआधी आवळायचं, मग उठायचं. शिंक येतेय असं वाटलं की आवळायचं, मग शिंकायचं. दसऱ्याला त्यानं खाट पागेतून घरात आणली. दिवाळीनंतर एका सकाळी कचरू जुंपायला आला, तर दादा आधीच फेटा बांधून टांग्यापाशी उभा.

"लगाम कुणी धरायचा?" कचरूनं विचारलं.

"तू. आज तू. मी बोलायला आलोय."

स्टेशनावर त्याला बघून टांगेवाल्यांनी गलका केला. सकाळच्या गाडीला आष्टीचं एक कुटुंब मिळालं. रखमाजी पुढं बसला आणि ओढ्याचा उतार येईपर्यंत बोलत राहिला. उतारावर तो गप्प झाला. नव्या आसाचा आवाज ऐकत, खाली दगडांकडं बघत, त्यानं आवळलं, दहापर्यंत मोजलं, आणि टांगा पलीकडं चढला. हौसानं मान झटकली. मागं बसलेल्या बाईनं विचारलं, "मंग पुढं काय झालं त्या पाटलाचं?" आणि रखमाजीनं पुढं सांगायला सुरुवात केली.

संक्रांत झाल्यावर नवराबायको जालन्याला गेले. सोबत हरभऱ्याचा मोठा टहाळ, डॉक्टरीणबाईंसाठी. या खेपेला रखमाजी गाडीत बसून गेला. बाईंना काय काय म्हणायचं ते तो वाटेत जुळवत होता. तुमचे उपकार जन्मभर फिटायचे न्हाईत. तुमी मला माणसात आणलं. असं बरंच होतं. पण दवाखान्यात गर्दी, बाई एका खोलीतून दुसऱ्या खोलीत चाललेल्या, पोरं रडतायत, आणि भुजंग कंपाउंडरनं हाक मारून थांबवलं तेव्हा बाई वळून त्याच्यासमोर उभ्या राहिल्या. जुळवलेलं सगळं रखमाजीच्या डोक्यातून गेलं.

"बाई," तो म्हणाला, "कोरडा हाय."

बाईंना क्षणभर उमजलं नाही. मग त्यांनी त्याला ओळखलं. चष्मा काढून त्यांनी तो पदरानं पुसला, पुन्हा घातला.

"पूर्ण?"

"पूर्ण न्हाई. थंडीत जातं कधीमधी. हप्त्यातून एखाद वेळ. पण टांग्यावर बसून राह्यलो आता."

"हप्त्यातून एखाद वेळ," बाई हळू आवाजात म्हणाल्या, जणू आपल्याशीच. "मला खात्री नव्हती हो, रखमाजी. तुम्हाला पाठवल्यावर मीच विचार करत होते, उगीच आशा तर लावली नाही ना या माणसाला."

"मीबी, बाई," झुंबरबाई मध्येच म्हणाली. तिनं टहाळ छातीशी धरला होता. "म्या तुमाला तव्हा सांगितलं न्हाई. मलाबी व्हतं. सात वर्षं. आता मी कीर्तनाला पुढं बसते."

बाईंनी टहाळ घेतला, आणि टहाळासकट झुंबरबाईचे हात धरून ठेवले. बराच वेळ. मग त्यांना कुणीतरी हाक मारली. जाता जाता त्या म्हणाल्या, "सोडायचं नाही हं. बरं वाटलं म्हणून सोडायचं नाही. आणि लघवी पुन्हा तपासून जा, भुजंगला सांगते."

तपासणी झाली, सगळं ठीक निघालं. स्टेशनाकडं येताना झुंबरबाईला बांगड्या भरायच्या होत्या. कासारणीनं हात दाबून दाबून बघितला, हिरव्या दाखवल्या, लाल दाखवल्या, पुन्हा हिरव्या. रखमाजी दुकानाच्या पायरीवर बसून कासाराशी गप्पा मारत होता. दोघं स्टेशनात पोचले तेव्हा गाडीचा शेवटचा डबा फलाटाच्या टोकाला गेला होता.

"गेली!" झुंबरबाई म्हणाली. "माझ्यामुळं. आता पुढची कधी?"

"तीन तासांनी."

तिनं त्याच्याकडं बघितलं. तीन तास, परक्या गावात, एवढ्या माणसांत. वर्षापूर्वी असं झालं असतं तर तो घामानं भिजला असता. रखमाजीनं काठी बाकाला टेकवली. फलाटावर दुपारचं ऊन पसरलं होतं, सरकीची पोती रचलेली होती, आणि एक हमाल पोत्यावर बसून भाकरी खात होता. रखमाजी त्याच्या शेजारी जाऊन बसला.

"कोण गाव तुमचं?" त्यानं विचारलं.

"केदारखेडा."

"आरं वा," रखमाजी सरसावून बसला. "यंदा कापूस कसा काय तिकडं?"

झुंबरबाईनं शिदोरीचं फडकं सोडलं आणि दोन भाकऱ्या त्यांच्याकडं सरकवल्या.